रोममध्ये मोफत प्रवेश असलेल्या चर्चचीही तिकिटं विकतात, सावध राहा

रोममध्ये कुणी चर्चचं ‘प्रवेश तिकीट’ काढून देतो म्हणाला, तर खिशात हात घालण्याआधी हे वाचा.

आई-बाबांना घेऊन आम्ही इटालियन चित्रकार काराव्हाज्जोची चर्चमधली चित्रं दाखवणारी वॉकिंग टूर ऑनलाइन बुक केली. माणशी ८० युरो. त्यात म्हणे तीन चर्चची तिकिटं, रांगेशिवाय प्रवेश आणि परवानाधारक गाईड. पियाझा नाव्होना या चौकापाशी भेटलेल्या माणसाच्या गळ्यातल्या कार्डावर फक्त टूरचं नाव होतं. सान लुईजी देई फ्रांचेझी या पहिल्या चर्चच्या दारात त्याने ‘चॅपेलचे (आतल्या छोट्या प्रार्थनादालनाचे) वेगळे’ म्हणून माणशी १० युरो रोख घेतले. पावती मागितली तर चर्च पावती देत नाही म्हणाला. आत पाहतो तर तिकीट खिडकीच नाही, लोक सरळ ये-जा करतायत.

सेंट मॅथ्यूची तीन चित्रं असलेलं हे चर्च, सांतागोस्तिनो आणि सांता मारिया देल पोपोलो, तिन्ही ठिकाणी प्रवेश मोफत आहे. चित्रावरचा दिवा लावायला पेटीत नाणं टाकावं लागतं, तेवढीच चिल्लर जवळ ठेवा. पॅन्थिऑनला (प्राचीन रोमन मंदिर, आता चर्च) मात्र २०२३ पासून पर्यटकांना खरोखरच तिकीट आहे, आणि त्याच्याच आडोशाने ही मंडळी बाकीच्यांचंही तिकीट खपवतात.

नंतर त्याने ओळखीच्या कॅफेत आम्हाला बराच वेळ बसवून ठेवलं. सांतागोस्तिनोला पोचलो तेव्हा दुपारचं दार लागलेलं. रोममधली बरीच चर्च दुपारी काही तास बंद असतात. रोज टूर नेणाऱ्याला हे ठाऊक नसेल, हे मला पटत नाही. ‘टूर संपली’ म्हणून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमचे गेलो. सांतागोस्तिनोत शिरल्यावर डावीकडच्या पहिल्याच चॅपेलमध्ये काराव्हाज्जोचं ‘मॅडोना ऑफ लोरेटो’ हे चित्र आहे. दारात गुडघे टेकलेले दोन यात्रेकरू, आणि त्या पुरुषाचे मळलेले तळवे थेट आपल्या डोळ्यांसमोर. आई म्हणाली, “पंढरपूरला पोचलेल्या वारकऱ्याचे पाय असेच असतात गं.” किती तरी वेळ ती तिथून हलेना. हेच तिला न दाखवता तो पैसे घेऊन गेला, याची चीड पैशांपेक्षा जास्त आहे.

गाईड हवाच असेल तर बुकिंगआधी परवान्याचा फोटो मागा, कोणत्या चर्चला किती वाजता नेणार ते लेखी घ्या आणि त्या वेळा चर्चच्या स्वतःच्या वेबसाइटवर ताडून पाहा. दारात रोख पैसे देऊ नका. आमच्या तक्रारीवर ‘चर्चच्या वेळा आमच्या हातात नाहीत’ एवढंच उत्तर आलं. कार्डाने भरलेल्या रकमेसाठी बँकेकडे अर्ज केलाय. रोख दिलेल्यांचा पुरावाच नाही.