सांगलीतील ग्रामोफोन दुरुस्ती : एका कार्यशाळेचा अनुभव

जुना चावीचा ग्रामोफोन दुरुस्तीला देताना कारागीर कशाकशाला हात लावत नाही, यावरून त्याची पारख करावी, असे माझे ठाम मत आहे. सांगलीच्या गावभागात घड्याळे आणि शिलाई यंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कार्यशाळेत हे काम होते. दुकानाला पाटी नाही. परंतु त्या परिसरात ग्रामोफोनवाले कोण, असे विचारले की कोणीही वाट दाखवतो.

आमचे यंत्र म्हणजे हिज मास्टर्स व्हॉइसचे १०२ क्रमांकाचे, पेटीसारखे उचलून नेता येणारे मॉडेल. १९३१ मध्ये बाजारात आलेले हे मॉडेल पुढे पंचवीसहून अधिक वर्षे बनत राहिले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी घरात शिरले आणि पेटी बुडाली. पाणी ओसरल्यावर ती वाळवली, पण मोटर जाम झाली होती आणि काळ्या रेक्झिनचा एक कोपरा फुगून सुटला होता. त्याआधी दुसऱ्या शहरातील एका दुरुस्तीवाल्याने पेटीला पॉलिश करून वर पितळी कर्णा बसवण्याचा सल्ला दिला होता. या मॉडेलचा कर्णा पेटीच्या पोटातच असतो. बाहेरून कर्णा लावायचा म्हणजे मूळ यंत्र मोडून टाकायचे. जुन्या वस्तूंच्या बाजारात झळझळीत कर्ण्याचे जे ग्रामोफोन दिसतात, त्यांतील पुष्कळसे असेच जोडकाम केलेले असतात, हे घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

गावभागातील कारागिरांनी मोटर माझ्यासमोर उघडली. स्प्रिंगच्या डब्यातले ग्रीस डांबरासारखे घट्ट झाले होते. ते रॉकेलने धुऊन काढल्यावर स्प्रिंगवर वरवरचाच गंज दिसला, म्हणून त्यांनी नवी स्प्रिंग न घालता तीच घासून, ग्राफाईटचे ग्रीस लावून परत बसवली. गव्हर्नरच्या तीन पात्यांपैकी एक मात्र तडकलेले होते आणि ते बदलणे भागच होते. या पात्यांवर बसवलेली वजने फिरताना बाहेर फाकतात, त्यांच्याबरोबर सरकणारी चकती एका छोट्या गादीला घासते आणि तबकडीचा वेग काबूत राहतो. पाते कमकुवत असेल तर स्वर लडखडतो. त्यांनी झिजलेली गादीही बदलली.

त्यानंतरचे काम मला सर्वांत मोलाचे वाटले. सुईच्या कंपनांचा आवाज करणाऱ्या साउंडबॉक्समधील ॲल्युमिनियमचा पडदा शाबूत होता, परंतु त्याला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या रबरी कड्या दगडासारख्या कडक झाल्या होत्या. आवाज फाटतो आणि खरखरतो तो बहुधा यामुळेच, आणि लोक मात्र दोष तबकडीला देतात. कारागिरांनी मऊ रबरी नळी मापाने कापून नव्या कड्या बसवल्या, पडद्याला कुठेही ताण येणार नाही इतपतच स्क्रू आवळले आणि मग जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली ७७ रेघांची गोल चकती तबकडीवर ठेवून वेग जुळवला. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर त्या रेघा स्थिर दिसल्या की तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या अगदी जवळ फिरत असते. हा काटेकोरपणा अनाठायी नाही, कारण वेग साडेचार फेऱ्यांनी वाढला तर गाणे जवळजवळ एक पट्टी वर चढते. ज्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी शेजारच्या मिरजेला आपले घर मानले, त्यांचा स्वर चढलेल्या पट्टीत ऐकणे आमच्या भागातल्या श्रोत्याला सहन होण्यासारखे नाही. आता त्यांची तबकडी लावली की आवाजातली ती नाजूक, लांबवलेली आस शेवटपर्यंत न थरथरता ऐकू येते आणि एका चावीत दहा इंची तबकडीची एक बाजू आरामात पुरी होते.

रेक्झिनचा सुटलेला कोपरा त्यांनी सरस लावून दाबून बसवला. पुराच्या पाण्याची फिकट रेघ पेटीवर आहे तशी ठेवायची की नवे रेक्झिन चढवायचे, हे त्यांनी आधी विचारले. मी ती ठेवायला सांगितली.

सर्व मिळून साडेसहा हजार रुपये झाले. मोटर आणि साउंडबॉक्स या दोहोंचे काम पाहता ही रक्कम मला रास्त वाटते. उणिवाही आहेत. सांगितलेल्या मुदतीत काम मिळत नाही, फोन उचलला जाईलच असे नाही, आणि पावतीवर केवळ ‘मशीन दुरुस्ती’ एवढेच लिहून मिळते. कोणता भाग बदलला याची यादी आपण आग्रहाने लिहून घ्यावी आणि काढलेले जुने भाग परत मागावेत. मेणाच्या नळकांड्यांवर चालणारे एडिसन पद्धतीचे फोनोग्राफ ते घेत नाहीत, तसे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगतात. पोलादी सुया त्यांच्याकडे मिळतात. प्रत्येक बाजूला नवी सुई लावावी, कारण झिजलेली सुई लाखेच्या तबकडीची खाच कायमची खराब करते. प्लॅस्टिकच्या एलपी या यंत्रावर अजिबात लावू नयेत. साउंडबॉक्सचा भार त्यांना एका वाजवणीतच खरवडून काढतो.