डायनिंग टेबलवरची रेल्वे: काटोचा युनिट्रॅक आणि टी-ट्रॅक, वर्षभर वापरून

कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून घरी येताना प्रत्येक पोरगं विचारतं, आपल्याकडे असं का नाही. मी पण विचारलेलं, बाबा म्हणाले जागा कुठाय. आता स्वतःचा वन बीएचके आहे आणि उत्तर तेच, फक्त ते आता बायको देते. म्हणून मोठ्या फिक्स बोर्डाचं खूळ डोक्यातून काढलं आणि टी-ट्रॅककडे वळलो. वर्ष होऊन गेलं, तर म्हटलं आता लिहून टाकू.

टी-ट्रॅक म्हणजे खोक्यात मिळणारं प्रॉडक्ट नव्हे, ठरवून दिलेली मापं आहेत. जपानमधे सुरू झालं, 2000 च्या आसपास अमेरिकेत पोचलं. छोटे लाकडी डबे करायचे, प्रत्येकावर दोन लाइनी, डबे टेबलावर एकमेकांना टकाटक जोडायचे आणि खेळून झालं की सोडवून कपाटावर. स्केल एन, म्हणजे 1:160, गेज (दोन रुळांमधलं अंतर) 9 मिमी. रूळ मात्र काटो या जपानी कंपनीचा युनिट्रॅक, म्हणजे खाली बेस असलेला तयार रूळच लागतो, कारण रुळाच्या टोकाचा जॉइनरच करंटही पुढे नेतो आणि दोन डबेही धरून ठेवतो. क्लॅम्प नाही, स्क्रू नाही.

बजेटवाल्यांनो, पैसे खर्च करायचे ते इथे, रुळावर. चार कोपरे आणि मधे दोन सरळ डबे एवढ्यात डबल लाइनचा पूर्ण गोल होतो, साधारण 104 बाय 73 सेंटीमीटर, म्हणजे आमच्या चार खुर्च्यांच्या टेबलावर बसतो. त्याला वळणाच्या रुळांची, आर 282 आणि आर 315 ची (आकडा त्रिज्येचा, मिमीमधे) दोन-दोन पाकिटं, सरळ रुळांचं, एस 248 आणि एस 62 चं (आकडा लांबीचा) एकेक, बास, सहा पाकिटं. मला सगळं मिळून सात हजारांच्या जरा वर पडलं, आणि तेही मावसभाऊ ओसाकाहून येताना निम्मं घेऊन आला म्हणून. इथे दुकानात किंमत बघून डोळे पांढरे होतात त्यात बिचाऱ्या दुकानदाराचा फार दोष नाही, खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी 2020 मधे 20 वरून 60 टक्के झाली आणि 2023 मधे 70, आणि सरकारच्या लेखी हे खेळणंच.

क्वालिटीबद्दल काय बोलू, वर्षात किमान शंभर वेळा जोडलं-सोडलं असेल, जॉइनर अजून कडक आहेत. पटरीखाली खडीचा करडा बेस प्लॅस्टिकचाच येतो, तो जरा जास्तच स्वच्छ दिसतो, आपल्याकडची लाइन अशी कधी असते का. मी तपकिरी ॲक्रिलिक पातळ करून वरून मारला आणि लगेच ओल्या फडक्याने रुळाचा माथा पुसला, एकदम घाटातली वाटायला लागली.

आता डब्यांची गोष्ट. टिंबर मार्केटमधून 6 मिमी प्लायचे कटपीस उचलले, स्वस्तात मिळाले, आणि घराजवळच्या एका दुकानात कापायला दिले. माप लिहून दिलं, 308 मिमी. रूळ 310 चा असतो, तो दोन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटर बाहेर यायला हवा, तरच शेजारच्याला भिडतो. भाऊंनी कापले 312. म्हणे दोन-चार एमएमनी काय होतंय साहेब. अहो तेच होतंय ना, लाकूड लाकडाला टेकतं आणि रुळात फट राहते! रविवारचा अख्खा दिवस रंधा मारत बसलो. तेव्हा स्वतः उभं राहून कापून घ्या, आणि प्रायमर मारल्याशिवाय पावसाळा काढू नका, माझा एक डबा जुलैमधे केळ्यासारखा वाकला. खाली चार कोपऱ्यांत नट-बोल्ट लावलेत, टेबल वाकडं असलं तरी लेव्हल करता येतं.

कंट्रोलर विकत नाही घेतला. तपकीर गल्लीतून 12 व्होल्टचा ॲडॅप्टर, मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा पीडब्ल्यूएम बोर्ड आणि उलट-सुलट करायला एक डीपीडीटी स्विच, झालं. इंजिन हळू चालताना किरकिरतं पण चालतं मस्त. पहिला बोर्ड मात्र जाळला, गाडी रुळावरून उतरली, शॉर्ट झालं, धूर. मग एका जुन्या रेडिओवाल्या काकांनी सांगितलं की स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब सिरीजमधे टाक. शॉर्ट झालं की बल्ब पेटतो, बोर्ड वाचतो, आणि मुलीला बल्ब पेटलेला बघण्यातच जास्त मजा येते, मुद्दाम गाडी पाडते.

सीनरीला तर खर्चच नाही. चहाचा चोथा वाळवून माती केली (कडक उन्हात नीट वाळवा, माझ्या पहिल्या डोंगराला बुरशी आली होती), फेव्हिकॉलमधे पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, डोंगर पॅकिंगमधल्या जुन्या थर्माकोलचा. बारीक नकली तंतूंचं गवत उभं राहावं म्हणून मच्छर मारायची बॅट उघडून तिची एक वायर स्टीलच्या गाळणीला आणि दुसरी ओल्या फेव्हिकॉलमधे खोचलेल्या खिळ्याला जोडली. गाळणीत गवत, बटण दाबून हलवायचं, तंतू सरळ उभे राहतात. झटका जोरात बसतो, बॅटरी काढून थोडं थांबूनच हात लावा, अनुभवाचे बोल.

तक्रारी म्हणाल तर दोनच आणि त्या काटोच्या नाहीत. आपल्या ब्रॉडगेजचे 1676 मिमी या स्केलला साडेदहा मिमी होतात, रूळ 9 चा, त्यामुळे काटेकोर माणसाला हे कायम खुपणार. आणि एन स्केलमधे आपलं इंजिन सहज मिळत नाही. माझ्या मंकी हिलवरून (डोंगराला बोरघाटातल्या त्या जागेचं नाव दिलंय) सध्या दोन डब्यांची जपानी डिझेल गाडी जाते. मोटरमन असलेले शेजारचे काका परवा बराच वेळ वाकून बघत होते, शेवटी म्हणाले, सगळं बरोबर आहे रे, पण उतारावर कॅच सायडिंग कुठाय? म्हणजे घाटात ताबा सुटलेली गाडी वळवून थांबवायची बाजूची लाइन. आता एक टर्नआउट, म्हणजे लाइन बदलायचा सांधा, घ्यावा लागणार.