चुन्याच्या मिस्त्रींनी सावरलेला पैठणचा वाडा

पैठणच्या जुन्या गावठाणातील आमच्या वाड्याची दुरुस्ती गेल्या हिवाळ्यात तालुक्यातीलच एका चुन्याच्या मिस्त्रींकडून करवून घेतली. वाडा पाडून स्लॅब टाकावा की आहे तो सांभाळावा, या पेचात असलेल्या घरमालकांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

मिस्त्रींनी भाव सांगण्याआधी भिंती तपासल्या. ओसरीच्या विटांच्या भिंतीला पूर्वी एका ठेकेदाराने सिमेंटचा गिलावा केला होता. त्याची फुगलेली खपली काढताच आतल्या विटेचा चिमटीत भुगा झाला. जोत्यातून चढणारी ओल चुन्याच्या गिलाव्यातून उडून जाते, पण सिमेंटखाली ती कोंडते आणि तिच्यातले क्षार विटेतच साठून भिंतीला लोणा लागतो. मिस्त्रींनी सगळे सिमेंट छिन्नीने उतरवले, कळीचा चुना, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, चौकातच पाण्यात विरवून मुरू दिला, त्यात वाळू व विटांची भुकटी मळली आणि पातळ थर देऊन त्यावर ओले गोणपाट टाकले. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. घाईने वाळला तर त्याला तडे जातात.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते माळवदाचे, म्हणजे लाकडी तुळयांवर माती घातलेल्या सपाट छताचे काम. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली, तेव्हापासून अशा घरांची धास्ती मराठवाड्यात घरोघर आहे आणि ती रास्त आहे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी मातीचा नवा थर चढवून जडावलेली माळवदे, आणि आतबाहेरच्या दोन थरांना बांधणारे लांब आडवे दगड नसलेल्या रुंद भिंती, ही त्या हानीची मोठी कारणे होती. आमच्या माळवदात मिस्त्रींनी सळई खुपसली, ती हातभर आत गेली. त्यांनी माती वीतभर जाडीपर्यंत उतरवली, पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिला, वाळवी लागलेल्या तुळईचे टोक बदलले आणि मागच्या दगडी भिंतीत ठिकठिकाणी दोन्ही थरांना बांधणारे जोडदगड बसवले. तरीही घर कितपत बळकट झाले, हे जुन्या बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याकडून तपासून घ्यावेच.

उणिवाही आहेत. लेखी अंदाजपत्रक मिळत नाही, मध्येच माणसे लग्नसराईला निघून जातात आणि खर्च सिमेंटच्या गिलाव्यापेक्षा बराच जास्त येतो. लाकूडकाम मात्र यांना देऊ नये. दिंडीदरवाजाची कोरीव महिरप त्यांनी पॉलिश पेपरने इतकी घासली की वेलींच्या कडा बोथट झाल्या. त्यासाठी वेगळा सुतार पाहावा. चुन्याच्या कामाला हिवाळाच चांगला, कारण उन्हाळ्यात गिलावा ओला ठेवणे कठीण जाते; म्हणून मिस्त्रींशी दिवाळीपूर्वीच बोलून ठेवावे.