मोठी कंपनी की कलाकारांचंच लेबल?

आमच्या गिरगावातल्या तालमीत हा प्रश्न हमखास निघतो: रेकॉर्डिंग मोठ्या कंपनीला द्यायचं, की गायक-वादकांनीच चालवलेल्या छोट्या लेबलला, म्हणजे संगीत प्रकाशित करणाऱ्या संस्थेला?

कंपनीकडे गेलं की स्टुडिओचा खर्च, जाहिरात, वितरण यांची काळजी मिटते. पण बहुतेक करारांत ध्वनिमुद्रणाचा हक्कही तिच्याकडेच जातो आणि आपल्या कायद्यानुसार तो प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतो. माझ्या गुरुजींची एक कॅसेट अशीच अडकली. कंपनी ती पुन्हा काढेना, आम्हाला काढता येईना. आज ती आमच्या कपाटात आहे, फीत जागोजागी चुरगळलेली.

दुसऱ्या वाटेचं उदाहरण म्हणजे 'अंडरस्कोर रेकॉर्ड्स'. गायिका शुभा मुद्गल आणि तबलावादक अनीश प्रधान यांनी ती 2003 मध्ये सुरू केली आणि इंटरनेटवरून संगीत विकायला घेतलं. तेव्हा कित्येक घरांत मोडेमची खरखर ऐकल्याशिवाय इंटरनेट लागत नसे! केवढं धाडस होतं ते. कलाकारच निर्माता असला की विलंबित ख्याल लांबला म्हणून कुणी घड्याळ दाखवत नाही. अर्थात हिशेब, जीएसटी, मुखपृष्ठ, कुरिअर हे सगळं रियाजाच्या वेळेतून करावं लागतं.

सिनेमाची गाणी असतील तर कंपनी बरी. रागसंगीतासाठी मी डोळे झाकून लेबल निवडेन. करार मात्र तिथेही लेखीच हवा. मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, कोणाकडे राहणार, हे मित्रांमध्येसुद्धा पहिल्याच कागदावर लिहून घ्या.