सीमेक की मेसन: लिनक्स आणि विंडोजवर बिल्ड सारखाच हवा असेल तर

सीमेक आणि मेसन ही कोडपासून प्रोग्राम बनवण्याची, म्हणजे बिल्डची, साधनं. एकच कोड लिनक्सवर नीट चालतो आणि विंडोजवर असर्टला (कोडमध्येच लिहिलेल्या, अट खोटी ठरली की प्रोग्राम थांबवणाऱ्या तपासणीला) अडखळतो, तेव्हा आधी फ्लॅग, म्हणजे कंपायलरला दिलेल्या सूचना, तपासा.

सीमेकला बिल्ड टाइप (चुका शोधण्यासाठी ‘डिबग’ की वापरण्यासाठी ‘रिलीज’) सांगितला नाही, तर लिनक्सवर मेक किंवा निन्जा या बिल्ड चालवणाऱ्या प्रोग्रामसोबत तो रिकामाच राहतो: ऑप्टिमायझेशन नाही, असर्ट चालू. व्हिज्युअल स्टुडिओ मात्र कॉन्फिगर करताना दिलेला टाइप बघतच नाही; बिल्डच्या कमांडला वेगळं ‘रिलीज’ सांगावं लागतं, नाहीतर डिबग बिल्ड हातात येतो. कॉन्फिगर आणि बिल्ड या दोन्ही पायऱ्या प्रीसेट फाइलमध्येच (ठरलेले पर्याय साठवणाऱ्या सीमेकच्या फाइलमध्ये) लिहा. बिल्ड प्रीसेट सीमेकच्या ३.२० आवृत्तीपासून आहेत.

मेसन सगळीकडे डिबगच धरतो, वॉर्निंगच्या पातळीचे फ्लॅगही कंपायलरप्रमाणे स्वतः बदलतो. पायथन आणि सहसा निन्जा लागतं, एवढंच. पण खरी मेख इथे आहे: सीमेकच्या रिलीजमध्ये असर्ट बंद होतात, मेसनच्या रिलीजमध्ये चालूच राहतात. तिथेही ते बंद हवे असतील तर मेसनचा ‘बी_एनडिबग’ (b_ndebug) हा पर्याय ‘इफ-रिलीज’वर (if-release) ठेवा.

जुना प्रकल्प, व्हिज्युअल स्टुडिओत काम करणारी मंडळी असतील तर सीमेक आणि प्रीसेट. नवा, छोटा सी प्रकल्प असेल तर मेसनच घ्या.