लाइनमन पाहण्यासाठी कँटनला

ओहायो राज्यातले कँटन हे क्लीव्हलँडच्या दक्षिणेला मोटारीने तासाभरावर असलेले छोटे शहर आहे. 1920 च्या सप्टेंबरमध्ये इथल्या राल्फ हे यांच्या मोटारविक्रीच्या दालनात संघमालक जमले आणि आज एनएफएल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघटनेचा जन्म झाला. त्यामुळेच 1963 साली प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम, म्हणजे या खेळातल्या थोरांचा सन्मान करणारे संग्रहालय, याच गावात उघडले. मी क्लीव्हलँड परिसरात राहतो आणि इथे तीनदा जाऊन आलो आहे. मागच्या खेपेला मात्र मनाशी एकच ठरवले होते, की या वेळी फक्त ऑफेन्सिव्ह लाइनमन पाहायचे.

चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपुढे हे पाच जण ढालीसारखे उभे असतात. धावा, झेल, गुण यांपैकी काहीही त्यांच्या नावावर लागत नाही आणि समालोचकाच्या तोंडी त्यांचे नाव बहुधा चूक झाल्यावरच येते. अशा माणसाची कारकीर्द संग्रहालयात दाखवायची तरी कशी, हा प्रश्न घेऊन मी अर्धपुतळ्यांच्या दालनात शिरलो. दालन मंद उजेडाचे आहे आणि प्रत्येक कांस्य चेहऱ्यावर स्वतंत्र प्रकाश पडतो. लोक आपोआप हळू आवाजात बोलू लागतात.

2023 साली सन्मान झालेल्यांच्या रांगेत जो थॉमस आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या या खेळाडूला 2007 साली नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) क्लीव्हलँड ब्राउन्स संघाने तिसऱ्या क्रमांकावर निवडले, तेव्हा तो न्यूयॉर्कच्या सोहळ्याला न जाता वडिलांबरोबर लेक मिशिगनवर मासे पकडत होता. पहिल्या सामन्यापासून तो लेफ्ट टॅकल म्हणून उभा राहिला. उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ ज्या बाजूला असते, ती बाजू सांभाळणारी ही जागा. त्यानंतर 10,363 स्नॅप, म्हणजे ब्राउन्सच्या आक्रमणाचा प्रत्येक डाव, तो एकदाही मैदानाबाहेर न जाता खेळला. ऑक्टोबर 2017 मध्ये टेनेसीविरुद्ध दंडाचा ट्रायसेप्स फाटला, तेव्हा ही साखळी तुटली. त्याने सुरुवात केलेल्या 167 सामन्यांपैकी ब्राउन्सने जिंकले अवघे 48. प्रशिक्षक बदलले, क्वार्टरबॅक तर मोजता येऊ नयेत इतके बदलले आणि प्लेऑफचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. तरीही पात्र ठरल्याच्या पहिल्याच वर्षी निवड समितीने त्याला घेतले, याचा मला मनापासून आनंद आहे, कारण हरणाऱ्या संघात रोज चोख काम करणाऱ्याची किंमत इथे कुणीतरी ओळखली.

अर्धपुतळा मात्र खांद्यांपाशी थांबतो आणि लाइनमनचे सगळे कसब त्याच्या खाली असते. डावा पाय मागे सरकवायचा, उजवा त्यामागे ओढून घ्यायचा, कंबर खाली ठेवायची आणि समोरून बगल देत येणाऱ्याच्या छातीवर नेमक्या क्षणी दोन्ही पंजे रोवायचे, हे थॉमस वर्षातून दोनदा पिट्सबर्गच्या जेम्स हॅरिसनसमोर आणि बाल्टिमोरच्या टेरेल सग्जसमोर करत असे. साडेसहा फूट उंचीचा आणि तीनशे पौंडांच्या वरचा माणूस इतक्या लहान पावलांनी, तोल न जाऊ देता मागे सरकतो, ही या खेळातली मला सर्वांत देखणी वाटणारी गोष्ट आहे, आणि ती कांस्यात ओतता येत नाही. शिल्पकाराने जाड मान तेवढी दाखवली आहे. ती पाहून बाकीचे आपण मनात उभे करायचे.

अँथनी मुन्योझपाशी आणि रेषेवरच्या पाचही जागा खेळलेल्या ब्रूस मॅथ्यूजपाशी मी थोडाच थांबलो. सर्वांत जास्त वेळ गेला तो दोन सेंटरसमोर, म्हणजे रेषेच्या मधोमध उभे राहून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देणाऱ्यांसमोर. ओकलंड रेडर्सच्या जिम ऑटोने 15 हंगामांत नियमित स्पर्धेतला एकही सामना चुकवला नाही. पुढे गुडघ्यांच्या असंख्य शस्त्रक्रियांनंतर त्याचा उजवा पाय कापावा लागला. पिट्सबर्गचा माइक वेबस्टर 2002 साली वयाच्या पन्नाशीत गेला, आणि डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांमुळे मेंदू झिजवणारा सीटीई हा आजार एनएफएल खेळाडूत प्रथम आढळला तो त्याच्याच मेंदूत. दालनात तोही इतरांसारखाच समोर पाहत असतो. हे ठाऊक असल्यावर त्या चेहऱ्यावरून नजर पटकन हलत नाही, निदान माझी तरी हलली नाही.

लहान मुलांना जुनी चामड्याची शिरस्त्राणे आणि गणवेश आवडतील. माझ्या मते संपूर्ण संग्रहालयाला तीन तास लागतात आणि पुतळ्यांचे दालन, पाय दुखू लागण्याआधी, सुरुवातीलाच पाहावे. ऑगस्टमध्ये नव्या खेळाडूंच्या सन्मानाचा समारंभ असतो, त्या आठवड्यात शांतपणे काही पाहता येईल अशी अपेक्षा ठेवू नये. खेळ नवा असलेल्यांनी जाण्यापूर्वी ब्राउन्सचा एखादा जुना सामना लावावा, चेंडूकडे अजिबात न पाहता सलग दहा डाव फक्त 73 क्रमांकाच्या थॉमसचे पाय पाहावेत आणि मगच कँटनचा रस्ता धरावा.