पोटाखालून पाहिलेला जीएमसी: १/३५ मापाचं एक किट

सत्तावीस वर्षं मी ट्रकखाली झोपून काम केलं. त्यामुळे ट्रकच्या मॉडेलची पेटी उघडली की माझा हात आधी केबिनकडे जात नाही, पाट्यांकडे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांकडे जातो. पाटे, यू-बोल्ट, शाफ्ट, एक्सल. हे नीट असेल तर वरचं सगळं दुरुस्त करता येतं. हेच बिघडलेलं असेल तर वर कितीही सुंदर रंग मारा, गाडी उभी राहिली की खोटी दिसते.

हे किट, म्हणजे जोडून मॉडेल करायचे प्लास्टिकचे सुटे भाग, अमेरिकन जीएमसी कंपनीच्या सीसीकेडब्ल्यू-३५३ चं आहे, खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढं. दुसऱ्या महायुद्धातला अडीच टनी, सहाही चाकांना ताकद जाणारा ट्रक. संध्याकाळी दोन-दोन तास बसून साडेचार महिने लागले. किट बनवणाऱ्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या दोन मोठ्या तक्रारी कदाचित माझ्याच पेटीपुरत्या असतील आणि उगाच कुणाला बोल लावायचा नाही. पण कुठे काय बघायचं ते सांगतो. या ट्रकचं कुठलंही किट हातात आलं तरी त्याच जागा तपासा.

आधी गाडीबद्दल थोडं, कारण त्याशिवाय किटचं बरंवाईट कळणार नाही. सीसीकेडब्ल्यू हा जीएमसीचा कारखानी कोड. पहिला सी म्हणजे १९४१ सालची रचना, दुसरा सी म्हणजे इंजिन पुढे आणि केबिन मागे अशी नेहमीची बांधणी, के म्हणजे पुढच्या एक्सललाही ताकद, आणि डब्ल्यू म्हणजे मागच्या दोन्ही एक्सलना ताकद. ३५३ म्हणजे लांब चासी, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, १६४ इंच. आखूड चासीचा तो ३५२, १४५ इंचांचा. १९४१ ते १९४५ या काळात असे पाच लाखांहून जास्त ट्रक तयार झाले. सैनिक त्याला जिमी म्हणायचे.

१६४ इंच म्हणजे ४.१७ मीटर. भागिले ३५, तर ११९ मिलिमीटर. कुठलाही भाग चिकटवण्याआधी मी चासीच्या दोन्ही पट्ट्या काचेवर ठेवल्या आणि एक्सलच्या जागांमधलं अंतर व्हर्नियरने मोजलं. मागे दोन एक्सल असल्यामुळे माप पुढच्या एक्सलपासून त्या दोघांच्या मध्यापर्यंत घ्यायचं. बरोबर ११९ आलं. तिथेच या किटबद्दल मला आदर वाटायला लागला. साचा बनवणाऱ्याने खरी गाडी मोजलेली आहे.

मागची बोगी, म्हणजे मागच्या दोन एक्सलची जोडी, हा या किटचा जीव आहे. खऱ्या गाडीत मागचे पाटे उलटे बसतात. मधला भाग चासीखालच्या ट्रनियनवर, म्हणजे ज्यावर पाटा कलतो त्या आडव्या खुंटीवर, आणि दोन्ही टोकं पुढच्या-मागच्या एक्सलवर टेकलेली. एक चाक दगडावर चढलं की पाटा मध्यावर कलतो आणि दुसरं चाक जमीन सोडत नाही. एक्सल पुढे-मागे सरकू नयेत म्हणून टॉर्क रॉड असतात. किटमध्ये हे सगळं आहे, आणि नुसतं दाखवण्यापुरतं नाही. पाट्यातली प्रत्येक पट्टी वेगळी दिसते, टोकाकडे जाताना एकेक पट्टी आखूड होते, आणि क्लिपांवर बोल्टची डोकीसुद्धा आहेत. मोठ्या भिंगाखाली धरून मी ते पाटे कितीतरी वेळ फिरवून बघितले.

पण साच्याची रेघ, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथे प्लास्टिकवर उठणारी कड, नेमकी पाट्याच्या कडेवरून, सगळ्या पट्ट्यांना आडवी जाते. इथे पॉलिश पेपर लावलात तर संपलं. पट्ट्यांमधल्या खाचा पुसल्या जातात आणि पाट्याचा एकसंध ठोकळा होतो. मी नव्या ब्लेडची उलटी बाजू घेतली आणि एकेक पट्टी वेगळी खरवडली. दर पट्टीला दोन-तीन हलके ओढे, मग खाचेतला भुसा टूथब्रशने काढायचा, मग पुढची पट्टी. चार पाटे करायला तीन संध्याकाळी गेल्या. मला त्या तीन संध्याकाळी फार आवडल्या.

शाफ्टही मोजून बघा. गिअरबॉक्सपासून ट्रान्सफर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीला एक, तिथून पुढच्या एक्सलला एक, मधल्या एक्सलला एक, आणि शेवटच्या एक्सलला जाणारा दोन तुकड्यांत, कारण तो मधल्या एक्सलवर बसवलेल्या बेअरिंगमधून जातो. म्हणजे एकूण पाच. हे बेअरिंग सोडून दिलेली आणि शाफ्ट थेट हवेतून नेलेली मॉडेलं मी पाहिली आहेत. या किटमध्ये बेअरिंगचं घर वेगळा भाग म्हणून दिलंय आणि त्याला चार बोल्टही आहेत. असं काम केलेलं दिसलं की समोरच्या कारागिराला हात जोडावेसे वाटतात.

एक्सलबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. या ट्रकला दोन प्रकारचे एक्सल लागायचे. टिमकेनचा मध्ये फुटणारा, म्हणजे दोन अर्धे गोल बोल्टने जोडलेला, आणि जीएमचा बँजो प्रकारचा, ज्याचं मधलं घर एकसंध असतं. किटमध्ये फुटणारा एक्सल आहे आणि तो उत्तम आहे. पेटीवरच्या चित्रातल्या गाडीला मात्र बँजो एक्सल काढलाय. चित्रावर भरवसा ठेवून कुणी बँजोवाल्या ठरावीक गाडीचा फोटो समोर घेऊन बसला, तर शेवटी पंचाईत होईल. आधी एक्सल ठरवा, मग गाडी निवडा.

आता पहिली मोठी तक्रार. माझ्या पेटीतल्या चासीची उजवी पट्टी पिळलेली होती. नुसतं बघून कळत नव्हतं. काचेवर ठेवून मागच्या टोकाला बोट दाबलं की पुढचं टोक केसभर उचललं जायचं. कच्च्या कामगारालासुद्धा हे कळतं की चासी पिळलेली असेल तर बाकी कशालाच अर्थ नाही. मी पट्टी गरम पाण्यात धरली, उकळतं नव्हे, हाताला चटका बसेल इतपतच गरम. काचेवर दोन स्टीलच्या पट्ट्यांमध्ये ती चिमट्यांनी दाबून रात्रभर ठेवली. सकाळी सरळ झाली होती. मग आडव्या पट्ट्या बसवताना पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिक चिकटवायचा पातळ द्रव, वापरलं नाही, सावकाश वाळणारं वापरलं, म्हणजे गुण्या लावून कोन तपासायला दहा मिनिटं मिळतात. पातळ सिमेंट मी नंतर सांध्यात सोडलं. त्यासाठी टामियाचं हिरव्या झाकणाचं एक्स्ट्रा थिन माझं वर्षानुवर्षं ठरलेलं आहे. ब्रश नुसता सांध्याला टेकवला की ते आपोआप आत ओढलं जातं.

एवढं करूनही चाकं लावल्यावर मी कागदाची परीक्षा घेतली. ही सगळ्या ट्रकवाल्यांनी घ्यावी. गाडी काचेवर ठेवायची आणि साध्या कागदाची पट्टी प्रत्येक चाकाखाली सरकवायची. पुढे दोन आणि मागे दुहेरी आठ, अशी दहा चाकं जमिनीवर टेकली पाहिजेत. माझ्या गाडीत उजव्या बाजूच्या मधल्या जोडीखालून कागद सरळ आरपार गेला. पाट्याचं टोक एक्सलवर जिथे टेकतं, तिथे साच्यातल्या प्लास्टिकचा एक बारीक उंचवटा राहिला होता. तो काढला आणि कागद अडला. टायरच्या तळाला कानशीने किंचित सपाट केलं, कारण भरलेल्या गाडीचा टायर कधी पूर्ण गोल नसतो.

टायर प्लास्टिकचे आहेत, दोन अर्ध्यांत. मला रबरी टायरपेक्षा हेच बरे वाटतात, रेघ घासता येते आणि रंग धरतात. नक्षी अमेरिकन सैन्याची दोन्ही दिशांना सारखी चालणारी आहे, ती खोल आणि स्वच्छ आली आहे.

इंजिनबद्दल फार लिहीत नाही. सहा सिलिंडरचं जीएमसी २७० आहे, ब्लॉक आणि मॅनिफोल्ड ओळखू येतात, वायरिंग आपलं आपण करायचं. बारीक तांब्याच्या तारेने डिस्ट्रिब्युटरपासून सहा वायरी काढल्या, एका संध्याकाळचं काम. केबिनही ठीक. पेडल तीन, दांडे ज्याच्या त्याच्या जागी. सीटची गादी मात्र नवी कोरी फुगलेली आहे, ड्रायव्हरच्या बाजूला ती थोडी कोरून दबवली.

दुसरी मोठी तक्रार गाडीच्या तोंडाची. रेडिएटरपुढच्या जाळीच्या पट्ट्या मोजल्या तर ०.८ मिलिमीटर जाड. पस्तीसने गुणा, २८ मिलिमीटर होतात. एवढ्या जाड सळ्या असत्या तर रेडिएटरला वाराच मिळाला नसता. ट्रकचा चेहरा म्हणजे ही जाळी आणि बाजूचे दिवे, माणूस पहिल्यांदा तिथेच बघतो. पाट्यांवर एवढी मेहनत घेणाऱ्या कंपनीने इथे हात आखडता का घेतला, याचं मला खरंच वाईट वाटलं. मी पितळी फोटो-एचचा, म्हणजे पातळ पत्र्यातून रसायनाने कोरलेल्या भागांचा, वेगळा सेट लावला. तो वाकवण्याआधी मेणबत्तीवर धरून तापवला आणि हवेत गार होऊ दिला. पितळ नरम होतं आणि कोपऱ्यात तुटत नाही. सुपरग्लू बाटलीतून थेट लावू नका. सुईच्या टोकावर थेंब घ्या, पट्टीला टेकवा, श्वास रोखून मोजा पाच.

रंगाला मी टामियाचा एक्सएफ-६२ ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे सैन्याचा मळकट हिरवा, घेतला, पण सरळ नाही. लहान मापावर गडद रंग आणखी गडद दिसतो, त्यामुळे वरच्या सपाट भागांसाठी त्यात थोडा एक्सएफ-६० डार्क यलो मिसळला. बॉनेट आणि मडगार्डचा माथा जास्त उजळ, दारं त्यापेक्षा कमी, हौद्याखालचा भाग मूळ रंगाचा. चासीलाही तोच ऑलिव्ह ड्रॅब. काही लोक चासी काळी करतात. सैन्याच्या या गाडीला ते शोभत नाही.

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं, पातळ आणि चांगली आहेत. मायक्रो सेट आणि मायक्रो सोल ही डिकल नरम करून बसवणारी द्रावणं लावल्यावर बॉनेटच्या उंचसखल भागावरही अंगाला अंग लावून बसली. पण एका पर्यायातल्या बॉनेटवरच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात २ ने आहे. अमेरिकन सैन्यात २ हा आकडा एक टनापर्यंतच्या हलक्या गाड्यांचा होता, जीपचा नंबर म्हणूनच २० ने सुरू होतो. अडीच टनी ट्रकचा नंबर ४ ने सुरू व्हायला हवा. मी दुसऱ्या पर्यायातला ४ कापून चिमट्याने तिथे बसवला. दहा मिनिटांचं काम, पण ते केलं नसतं तर मला रोज ते खुपलं असतं.

गाडी मी १९४४ च्या रेड बॉल एक्सप्रेसमधली केली. नॉर्मंडीतून पुढे घुसलेल्या सैन्याला फ्रान्समध्ये पेट्रोल आणि दारूगोळा पोचवण्यासाठी २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर या काळात दिवसरात्र धावलेली ही ट्रकांची रांग. जायचा रस्ता वेगळा, यायचा वेगळा. चालवणाऱ्यांत सुमारे तीन-चतुर्थांश कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक होते, आणि त्या काळी त्यांच्या सैन्यात काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या ठेवल्या जात. वेगाची मर्यादा ताशी २५ मैल, पण वेळ गाठायची म्हणून पुष्कळ जण गव्हर्नरशी, म्हणजे इंजिनाचा वेग रोखणाऱ्या यंत्राशी, छेडछाड करून गाडी पळवत. गव्हर्नर काढलेल्या, क्षमतेबाहेर भरलेल्या गाडीखाली झोपून पाटे बदलणारा कुणीतरी तिथेही असणार. मी हे मॉडेल करताना जास्त विचार त्याचाच केला.

म्हणून मळही त्या हिशेबाने केला. पिगमेंटची कोरडी धूळ मागच्या चाकांच्या मागे आणि हौद्याखाली जास्त, बॉनेटवर अगदी कमी. ग्रीसचे डाग फक्त जिथे ग्रीस भरतात तिथे, म्हणजे शाफ्टच्या क्रॉसवर, स्प्रिंगच्या पिनांवर आणि ट्रनियनवर. पेट्रोलच्या टाकीच्या तोंडाखाली एकच ओघळ. गंज जवळजवळ नाही. १९४४ साली या गाड्या एक-दोन वर्षांच्या होत्या, आणि तेवढ्यात असा पत्रा भोकं पडेपर्यंत गंजत नाही. सायलेन्सर मात्र तपकिरी केला, तो उष्णतेने लवकर गंजतो.

हौदा लाकडी आहे आणि फळ्यांच्या रेषा सुरेख आल्या आहेत. त्यात पेट्रोलचे वीस लिटरचे जेरीकॅन भरले, या मापात जेमतेम १३ मिलिमीटर उंच. ज्या फळ्यांवरून ते ओढले जातात तिथे रंग उडवून खालचं लाकूड दाखवलं. कडेच्या फळ्यांना हात लावला नाही.

ज्याने आजवर फक्त रणगाडे केलेत त्याने हे किट जरूर घ्यावं, पण घाई करणार असेल तर नको. रणगाड्यात बरंचसं पोलादाच्या खोक्यात झाकून जातं. इथे मागून, बाजूने, खालून सगळं उघडं आहे. अगदी पहिलंच किट म्हणून कुणाला मी हे देणार नाही. पिळलेली चासी ओळखता आली नाही तर नव्या माणसाचा हिरमोड होईल, आणि दोष त्याला आपल्या हाताचा वाटेल.

फाळका मी उघडा ठेवलाय. त्याला धरणाऱ्या साखळ्या किटमध्ये नाहीत, नुसते दोन सरळ प्लास्टिकचे दांडे दिलेत, ते वापरू नका. जुन्या वायरमधली दोन बारीक तांब्याची तारं एकमेकींवर पिळा, हातोडीने हलकेच चेपा, की कड्या असल्यासारख्या दिसतात. एक बाजू थोडी सैल सोडा. भरलेल्या गाडीच्या फाळक्याला दोन्ही साखळ्या सारख्या ताणलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत.